आधी दांडा, मग फूल

‘घरच्या फुलांचा गुच्छ होत नाही.’ चार बागप्रेमी जमले की त्यांतला कुणीतरी जाणता हे वाक्य उच्चारतोच, आणि बाकीचे तिघे माना डोलावतात. पुढचं स्पष्टीकरणही ठरलेलं. गुच्छाची फुलं पॉलिहाऊसमध्येच व्हायची, त्यांना तळेगावची हवा लागते, शीतगृह लागतं. आपल्या कुंडीतलं फूल सकाळी कापलं तर दुपारी मान टाकतं. शेवटी ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण येते आणि विषय संपतो. मग घरात वाढदिवस असला, पाहुणे यायचे असले, की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून सेलोफेनमध्ये गुंडाळलेले जरबेरे घेऊन येतो.

हे मत इतकं सर्वमान्य आहे की ते कुणी तपासून पाहत नाही. तपासलं तर पहिल्याच पायरीला ते अडखळतं.

आपल्या घरच्या बागांत असतं काय? जास्वंद, तगर, पारिजातक, मोगरा, कण्हेर, गोकर्ण, सदाफुली. ही यादी देवाच्या परडीची आहे. पूजेला फूल लागतं ते सुटं, देठाशी खुडलेलं. गजऱ्याला आणि हारालाही तेच. म्हणून आजीपासून आपल्यापर्यंत सगळ्यांनी झाडं निवडली ती रोज ताजी आणि परडी भरेल इतकी फुलं देणारी. दांडा किती लांब आहे हे बघायचं कुणाला कारणच नव्हतं. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. ते पाण्यात ठेवा नाहीतर गणपतीच्या डोक्यावर, संध्याकाळी ते मिटणारच. पारिजातक कापायचा नसतो, वेचायचा असतो. मोगऱ्याला दांडाच नाही म्हटलं तरी चालेल. कण्हेर तर लहान मुलांच्या घरात फुलदाणीत ठेवूच नये. तिचा चीक विषारी, आणि ज्या पाण्यात तिचे दांडे बुडतात ते पाणीही विषारी. आता ही परडीची बाग फुलदाणीत खोचायची, ती कोमेजली की ‘घरची फुलं टिकत नाहीत’ असा निकाल द्यायचा, याला काय म्हणावं? नाचता येईना अंगण वाकडं. निवड चुकली, दोष मात्र घराच्या मातीला लागला.

फूलशेती करणाऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही. त्याच्या लेखी सुटी फुलं वेगळी आणि दांड्याची फुलं वेगळी. बाजारात एक किलोवर जातं, दुसरं जुडीवर. निशिगंधाचंच पाहा. सिंगल जातीची फुलं खुडून हाराला आणि अत्तराला जातात. डबलचे दांडे कापून फुलदाणीला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या ‘सुवासिनी’ आणि ‘वैभव’ या जाती डबल आहेत, तर ‘प्रज्वल’ सिंगल असूनही दोन्ही कामांना चालते. शेवंतीतही तसंच. ‘झिप्री’, ‘राजा’ या आपल्याकडच्या जुन्या जाती हारासाठी नावाजलेल्या. फुलदाणीसाठी त्यांच्याकडून लांब, ताठ दांड्याची अपेक्षा धरणं अन्यायच. ॲस्टरमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’ मालिकेत पांढरा, गुलाबी, जांभळा असे रंग आहेत, बंगळुरूच्या ‘कामिनी’, ‘पूर्णिमा’, ‘शशांक’ आहेत. ही सगळी उघड्या शेतावर, आपल्या उन्हापावसात वाढणारी फुलं आहेत. त्यांना ना पॉलिहाऊस लागतं, ना फॉगर. मग घरच्या वाफ्यात ती का होणार नाहीत?

जाणत्यांचं एक म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो. जरबेरा, कार्नेशन आणि हातभर दांड्याचा एकाच मापाचा लाल गुलाब यांच्या वाटेला घरच्या माणसाने जाऊ नये. ती पॉलिहाऊसचीच कामं आहेत. मावळातला शेतकरी व्हॅलेंटाइन डेच्या मुहूर्तावर गुलाब परदेशी धाडतो तेव्हा त्यामागे छाटणीची तारीख धरण्यापासून शीतगृहापर्यंत अख्खी यंत्रणा उभी असते. घरच्या गुलाबाने त्याच्याशी दांड्याच्या लांबीत स्पर्धा करायची नाही. घरचा गुलाब वीतभर दांड्याचा कापावा आणि काचेच्या पेल्यात ठेवावा. कळीखालची हिरवी निदलं खाली वळली आणि एखादी पाकळी सुटू लागली की ती त्याची वेळ. आणि घरच्या गुलाबाला वास असतो, हे विसरू नये.

पण गुच्छ म्हणजे जरबेरा आणि कार्नेशनच, हे ठरवलं कुणी? दुकानदाराने. त्याला माल गाडीतून आणायचा असतो, थंड खोलीत ठेवायचा असतो, न विकला गेला तर उद्या पुन्हा मांडायचा असतो. त्याच्या फुलाला प्रवास सोसता यायला हवा. तुमच्या फुलाला वाफ्यापासून दिवाणखान्यापर्यंत जायचं आहे. झिनियाच्या पाकळ्या खोक्यात दबून खराब होतात, कॉसमॉस गाडीत टिकत नाही, म्हणून ही फुलं दुकानात दिसत नाहीत. ती फुलदाणीत टिकत नाहीत म्हणून नव्हे. दुकानातलं फूल तुमच्या हाती येतं तेव्हा त्याचे एक-दोन दिवस वाटेतच गेलेले असतात. घरच्या फुलाचा पहिला दिवस फुलदाणीतच सुरू होतो. हा हिशेब घातला तर टिकाऊपणाचा वाद बराचसा मिटतो.

आता दुसऱ्या बाजूने येणारा आक्षेप, तोही मोठ्या हळवेपणाने येणारा: फूल झाडावरच शोभतं, ते कापणं म्हणजे क्रूरपणा. या मंडळींच्या भावनेचा आदर आहे, वनस्पतिशास्त्राचा मात्र त्यांनी थोडा आदर करायला हवा. झिनिया, कॉसमॉस, गलांडा, झेंडू ही वर्षायू झाडं. त्यांचं सगळं लक्ष बी धरण्याकडे. फूल झाडावर ‘शोभत’ राहिलं, त्यात बी भरलं, की झाड आपलं काम झालं असं समजून आटपायला लागतं. फूल कापलं की ते पुन्हा कळ्या धरतं. शिवाय शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालचे डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे फुटतात. झिनियाचं रोप वीतभर झालं की खालच्या पानांच्या तीन-चार जोड्या ठेवून शेंडा खुडा. एका दांड्याचे चार होतात, आणि पुढे दरवेळी खोलवर, फांदीच्या मुळाशी कापलं तर नवे दांडेही लांबच येतात. वरवर, भीत भीत कापणाऱ्याच्या वाट्याला बोटभर दांड्याची फुलं येतात आणि मग तोच म्हणतो, झिनियाला दांडा नसतो!

हा नियम सगळ्यांना लागू नाही, हेही सांगितलं पाहिजे. ग्लॅडिओलसचा कंद साधारणपणे एकच दांडा देतो. तो कापला म्हणून दुसरा लगेच येत नाही. तिथे उलट काळजी घ्यायची. दांडा कापताना खाली निदान चार पानं ठेवायची, कारण पुढच्या वर्षाचा कंद त्या पानांवर पोसला जातो. शोभेच्या नादात बुडापासून कापलंत तर यंदा गुच्छ मिळेल, पुढच्या वर्षी कंद हरभऱ्याएवढा.

मधमाश्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. सगळी फुलं आपणच नेली तर त्यांनी काय करायचं? म्हणून मागची ओळ कापू नये, आणि निवडतानाच एकेरी फुलांची झाडं काही ठेवावीत. भरगच्च डबल फुलांत माशीला आत शिरायला वाट नसते. गुच्छासाठी परागविरहित सूर्यफुलाचं बी मिळतं, टेबलावर पिवळी भुकटी सांडत नाही म्हणून ते लोकप्रिय आहे. शेजारी साधं सूर्यफूल लावणार असाल तरच ते घ्या. पण हा युक्तिवाद करणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या अंगणात डोकावावं. लॉन, क्रोटन आणि फरशी असलेल्या बागेच्या मालकाने मला मधमाश्यांचं हित शिकवू नये.

तिसरी मंडळी मला सगळ्यांत जास्त चीड आणतात, कारण ती माझ्याच बाजूची. त्यांना घरी गुच्छाची बाग करायची आहे, पण यादी उचलली आहे थेट इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकातून. पिओनी, ट्युलिप, रॅननक्युलस, डॅफोडिल. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी बारा-चौदा आठवडे कडक थंडी लागते. श्रीनगरला ट्युलिपची बाग आहे, तिथे ती जमते कारण हिवाळा ती सोय फुकट करून देतो. आपल्याकडे कंद फ्रीजमध्ये ठेवायचे, एकदा फूल पाहायचं आणि कंद फेकून द्यायचा. पिओनीला तर आपला हिवाळा हिवाळाच वाटत नाही. एवढे पैसे आणि एवढी हौस वाया गेल्यावर हीच माणसं पहिल्या गटात सामील होतात आणि ‘घरच्या फुलांचा गुच्छ होत नाही’ म्हणू लागतात. महागडं पाकीट आणणाऱ्यांनी आधी आपल्या गावचा पाऊस, थंडी आणि ऊन पाहावं.

पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर या पट्ट्यात खरी चंगळ हिवाळ्यात. पाऊस सरताना रोपं टाकली की ॲस्टर, स्नॅपड्रॅगन, लार्कस्पर, कॉर्नफ्लॉवर, स्टॅटिस, कागदी फूल, सगळं होतं. फेब्रुवारीचं ऊन चढलं की ती आटोपतात, तेव्हा स्वीट पीसारख्या नाजूक वेलाकडून फार मोठी आशा धरू नये. उन्हाळ्यात झिनिया आणि गलांडा तग धरतात. पावसाळ्यात झिनियाच्या पानांवर ठिपके पडतात, पावसाळा सरता सरता भुरी येते. तेव्हा निशिगंध आणि कोंबडा हाताशी असावेत. शेवंती लावायची जूनच्या आसपास, फुलणार दिवस लहान झाल्यावर. तिच्याबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. शेवंतीला लांब रात्र लागते, खरोखरचा अंधार लागतो. सोसायटीच्या दिव्याखाली कुंडी ठेवली तर झाड हिरवंगार, निरोगी, आणि कळी एकही नाही. माळी खत बदलतो, मालक माळी बदलतो. कुंडी हलवायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

कोकणात आणि गोव्यात ही यादी चालणार नाही. तिथे थंडीच्या फुलांमागे धावू नये. तिथल्या दमट सावलीत हेलिकोनिया, लाल आलं, अँथुरियम आणि डेंड्रोबियम ऑर्किड ज्या सहजतेने येतात त्याचा घाटावरच्या माणसाने हेवा करावा. माडांच्या सावलीतला हेलिकोनियाचा एक दांडा उंच बरणीत एकटा उभा केला तरी खोली भरते, आणि तो आठवड्याहून जास्त टिकतो. अँथुरियम तर दोन-तीन आठवडे सहज. तरीही तिथल्या कार्यक्रमांत पाहुण्यांच्या हाती पुण्याहून आलेला जरबेराच दिसतो.

राहता राहिला गुच्छातला हिरवा-पांढरा भराव. जिप्सोफिला नसेल तर गुच्छ अपुरा, अशी एक समजूत आहे. ज्याच्या परसात भाजीचा वाफा आहे त्याने जिप्सोफिला विकत घेऊ नये. कोथिंबिरीची चार झाडं उपटायची राहू द्या. ती फुलावर आली की पांढऱ्या नाजूक फुलांच्या छत्र्या येतात, आणि त्या कुठल्याही ॲस्टरशेजारी शोभतात. शेपूची पिवळी छत्री तर त्याहून देखणी. फुलावर आलेला सब्जा घ्या, त्याला वासही आहे. आणि कुरडू! खरिपातल्या शेतात तण म्हणून उपटून टाकतात, कोवळेपणी तिची भाजी करतात, ती कोंबड्याची सख्खी बहीण आहे. तिचे गुलाबी-पांढरे तुरे पाण्यात टिकतात आणि वाळल्यावरही रंग धरून राहतात. बटणफुलाचंही तसंच. हे सगळं आपल्या अवतीभवती फुकट उभं असताना आपण प्लास्टिकच्या पिशवीतला भराव पैसे देऊन आणतो.

‘आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, आम्हाला हे काय सांगता,’ असं विचारणाऱ्यांना माझा प्रतिप्रश्न एवढाच: ऊन किती तास येतं? पाच-सहा तास थेट ऊन असेल तर बारा इंची कुंडीत निशिगंधाचे तीन-चार किंवा ग्लॅडिओलसचे चार-पाच कंद मावतात. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक कुंडी लावली तर दांडे एकदम न येता पाठोपाठ येतात. ऊन नसेल तर फुलांचा नाद सोडा आणि पानं वाढवा: नेचा, ॲस्परागस, मॉन्स्टेरा, मनीप्लांट. मॉन्स्टेराचं एक पान आणि बाजारातून आणलेले निशिगंधाचे दोन दांडे, हाही गुच्छच आहे.

हे ऐकून कुणी शेतकऱ्याच्या पोटाची काळजी करू लागतो. सगळ्यांनी घरीच फुलं लावली तर फूलवाल्याने काय करायचं? दादरच्या आणि गुलटेकडीच्या बाजारात पहाटे उतरणारा माल हाराचा, तोरणाचा, लग्नाच्या मांडवाचा असतो. दसऱ्याचा झेंडू कुणी गॅलरीतून पुरवणार नाही. शेतकऱ्याच्या मुळावर आली आहेत ती प्लास्टिकची फुलं, आणि त्यांच्यावर बंदी घाला ही फूलउत्पादकांची मागणी जुनी आहे. घरी निशिगंध वाढवणारा माणूस प्लास्टिकचा निशिगंध विकत घेत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. त्याला दांड्याची किंमत कळलेली असते.

‘बुके नको, बुक द्या’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. दुकानी बुकेला त्यांनी जी नावं ठेवली ती त्याला शोभतात. स्टेजवर हातात दिलेला, फोटो काढून झाल्यावर टेबलाखाली ठेवलेला तो बुके, त्याचं सेलोफेन, त्याची चंदेरी फीत आणि तळाशी हिरवा स्पंज. हा स्पंज १९५४ साली अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी बाजारात आणला, तो प्लास्टिकचाच फेस आहे आणि कुजत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. आपल्याकडे अजून तो सर्रास चालतो. घरच्या गुच्छाला त्याची गरज नाही. रुंद तोंडाच्या भांड्यात कोंबडीच्या खुराड्याची जाळी चुरगळून बसवली की दांडे हवे तसे उभे राहतात.

एवढं सगळं करूनही फुलं टिकली नाहीत, तर मात्र दोष कापणाऱ्याचा. भर दुपारी कात्री घेऊन बागेत जाणारे लोक मी पाहिले आहेत. फूल कापायचं पहाटे किंवा ऊन उतरल्यावर, आणि पाण्याची बादली सोबत न्यायची. झिनिया तयार आहे का हे बघायचं असेल तर फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा चिमटीत धरून हलवा. मान लुळी पडली तर थांबा, दांडा काठीसारखा ताठ राहिला तर कापा. लुळ्या दांड्याचं फूल पाण्यात कधीच सावरत नाही. ॲस्टरच्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उघडल्या की कापा. डेलिया मात्र पूर्ण उमलू द्या, तिची कळी फुलदाणीत उमलत नाही, आणि चार-पाच दिवसांहून जास्त ती टिकतही नाही. निशिगंधाची खालची जोडी उघडली की पुरे. रोज खालची सुकलेली फुलं काढत गेलात तर वरच्या कळ्या आपसूक उमलतात. ग्लॅडिओलस आडवा ठेवू नका, त्याचा शेंडा काही तासांत वर वळतो आणि दांडा कायमचा वाकडा होतो.

पाण्यात बुडणारी पानं काढलीच पाहिजेत. झेंडू, शेवंती, ॲस्टर यांची पानं दोन दिवसांत कुजतात, पाण्याला वास मारतो, आणि त्यात वाढलेले जंतू दांड्याच्या नळ्या बुजवतात. नुसती साखर घालणारे त्या जंतूंनाच जेवू घालतात. साखर घालायची तर लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन थेंबही घाला, नाहीतर रोज पाणी बदला, तेवढं पुरतं. आणि फुलदाणी केळ्या-आंब्यांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. लार्कस्पर आणि स्नॅपड्रॅगन त्याने एका रात्रीत गळतात. मग सकाळी टेबलावर पाकळ्यांचा सडा पाहून पुन्हा तेच वाक्य ऐकू येतं.

ज्यांना हे वाक्य खोटं पाडायचं आहे त्यांनी यंदा ॲस्टरपासून सुरुवात करावी. रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात टाका, साडेतीन-चार महिन्यांत फुलं येतील, आणि पुढच्या वर्षी वाफा बदला, कारण त्याच जागी पुन्हा लावला तर मर रोग येतो. बी दरवर्षी नवं घ्या. ॲस्टरचं बी वर्षभरात उगवण गमावतं, आणि दुकानदार जुनी पाकिटं मांडणीत पुढे ठेवतात. पाकिटावरची तारीख वाचूनच पैसे द्या.